कागदावरची कुत्री : पिल्लांच्या बाजारातील मजकुरांचे वाचन

'जर्मन शेफर्ड, डबल बोन, लाँग कोट, शो क्वालिटी, चॅम्पियन ब्लडलाइन, वय ३५ दिवस, पेपरसह व पेपरशिवाय, फक्त प्राणिप्रेमींनीच संपर्क साधावा.' या धाटणीचा मजकूर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात वाचायला मिळतो. रविवारच्या छोट्या जाहिरातींत, पशुखाद्याच्या दुकानाच्या काचेवर, विजेच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर आणि आता मोबाइलवर. असे मजकूर मी बरीच वर्षे जमवतो आहे. मी पशुवैद्य नाही आणि आनुवंशिकीचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. जे काही कळते ते पुस्तके, अहवाल व नियम वाचून आणि कुत्री पाळणाऱ्यांच्या अंगणात बसून कळलेले आहे. परंतु मजकूर वाचण्याची सवय असलेल्या माणसाने हे कागदही तेवढ्याच बारकाईने वाचून पाहावेत, असे मला वाटते. कारण पिल्लू घेणारा माणूस कुत्र्याआधी मजकूरच पाहतो.

प्रश्न साधा दिसतो. प्राण्याची काळजी घेऊन पैदास करणारा माणूस आणि केवळ पैशासाठी पिल्ले काढणारा माणूस यांत फरक कसा ओळखायचा? याची उत्तरे ठरलेली आहेत : कागदपत्रे बघा, घर बघा, किंमत बघा, तो माणूस कुत्र्यांवर प्रेम करतो का ते बघा. ही उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. त्यांतली काही तर उलटी वाट दाखवतात. ती का, हे दाखवण्यासाठी इथे काही मजकूर एकापुढे एक ठेवतो.

जाहिरातीपासून सुरुवात करू. 'डबल बोन' नावाची कोणतीही गोष्ट कुत्र्याच्या शरीरशास्त्रात नाही. विकणाऱ्याला म्हणायचे असते की पिल्लाचे पाय जाड आहेत. मोठ्या जातीचे पिल्लू अति खायला घालून लवकर जाडजूड केले तर त्याच्या सांध्यांचे, विशेषतः खुब्याचे दुखणे बळावते, ही गोष्ट पशुवैद्यकात सर्वमान्य आहे. म्हणजे गुण म्हणून छापलेला शब्द हा कित्येकदा दोषाचा पुरावा असतो. 'शो क्वालिटी'चेही तेच. पस्तीस दिवसांच्या पिल्लाचे दात, चाल, ठेवण, स्वभाव यांतले काहीच ठरलेले नसते. खुब्याच्या क्ष-किरण तपासणीचा अंतिम दाखला अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था कुत्रे दोन वर्षांचे झाल्याशिवाय देत नाही. इथे पस्तीस दिवसांत निकाल छापून येतो.

त्या पस्तीस दिवसांकडेही पाहिले पाहिजे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून त्यांच्या वागण्याचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीचा असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. आई आणि भावंडे यांच्याकडून चावण्याचा जोर किती असावा, कुठे थांबावे, हे पिल्लू याच काळात शिकते. पाचव्या आठवड्यात उचललेले पिल्लू पुढे घरातल्या मुलाला चावले की दोष 'जाती'ला दिला जातो. विकणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लाचे खाणे वाढते, लसीचा खर्च येतो, आणि आईकडून मिळालेले संरक्षण ओसरू लागल्यामुळे पार्व्होचा धोका वाढतो. त्याआधी पिल्लू दारातून गेले की खर्चही दुसऱ्याचा आणि मरणही दुसऱ्याच्या घरातले.

जाहिरातीतला सर्वांत प्रामाणिक शब्दप्रयोग माझ्या मते 'पेपरसह व पेपरशिवाय' हा आहे. एकाच वेताच्या पिल्लांचे दोन भाव, कागद हवा असेल तर जास्त. जो कागद भाजीतल्या जादा तर्रीसारखा मागून घेता येतो किंवा नको म्हणता येतो, तो नोंद म्हणून उरतच नाही. आणि या सगळ्या मजकुरांत एक पात्र जवळजवळ कधीच येत नाही, ते म्हणजे आई. बाप येतो. 'बाप चॅम्पियन' असे ठळक असते. आईचे वय, तिचे हे कितवे वेत, मागच्या वेताला किती दिवस झाले, ती आत्ता कशी आहे, यातले काहीही नाही. मी जमवलेल्या जाहिरातींत पिल्लांच्या रंगाबद्दल जेवढे शब्द आहेत त्याच्या पासंगालाही आईबद्दल नाहीत.

जाहिरात वाचताना एक मोठी जाहिरात विसरता येत नाही. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग जाणारे पग जातीचे कुत्रे दिसले आणि भारतभर पगची मागणी उसळली. आपल्याकडे तर जातीचे नावच बदलले. कित्येक गावांत त्याला आजही 'हचचा कुत्रा' म्हणतात, आणि कंपनीचे नाव बदलल्यावर 'वोडाफोनचा कुत्रा' म्हणू लागले. जाहिरात कलाकृती म्हणून चांगली होती, यात वाद नाही. तिने कुत्रे विकलेही नव्हते. पण चपट्या नाकाच्या या कुत्र्याला श्वास घ्यायला होणारा त्रास, उष्ण हवेत होणारी त्याची तडफड, डोळ्यांना होणाऱ्या जखमा, हे त्या तीस-चाळीस सेकंदांत मावणारे नव्हते. विदर्भातल्या मे महिन्यात त्या कुत्र्याचे काय होत असेल याचा विचार ना मागणी करणाऱ्याने केला, ना पुरवणाऱ्याने. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगला वर्षभरात एखादा आजार होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट आढळली. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रे म्हणता येणार नाही, असे त्या संशोधकांचे मत पडले. नेदरलँड्सने २०१९ पासून डोक्याच्या लांबीच्या एकतृतीयांशापेक्षा आखूड नाक असलेल्या कुत्र्यांची पैदास थांबवण्याचा निकष लागू केला. आपल्याकडे त्याच आखूड नाकाला 'पंच फेस' म्हणून जादा पैसे पडतात.

आता कागद. 'पेडिग्री' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या क्रौंच पक्ष्याच्या पायासाठी असलेल्या शब्दांवरून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. वंशावळ लिहिताना एका नावापासून फुटणाऱ्या तीन रेघा पक्ष्याच्या पावलासारख्या दिसत, म्हणून. हे चित्र फार छान आहे. तीन पिढ्यांच्या कागदावर दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा अशी चौदा नावे असतात. घेणारा माणूस ती नावे मोजतो, त्यांच्यापुढची 'चॅम्पियन'ची खूण बघतो आणि समाधान पावतो. वास्तविक हा कागद वाचण्याची रीत वेगळी आहे. चौदा चौकटींत एकच नाव किती वेळा येते, ते आधी बघायचे.

स्यूअल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२२ साली अंतःप्रजननाचे माप काढण्याची रीत मांडली. दोन्हींकडून एकाच पूर्वजाचा तोच जनुक पिल्लात येण्याची शक्यता किती, याचे ते माप आहे. बाप-लेक किंवा सख्खे बहीण-भाऊ यांच्या संकरातून झालेल्या पिल्लात ते २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लात साडेबारा, चुलत-मामे भावंडांच्या पिल्लात सव्वासहा. एखादा नर बक्षीस मिळवतो, त्याला मागणी येते. मादी वर्षातून फार तर दोनदा माजावर येते, नराला असे बंधन नाही. काही वर्षांत त्याच्या नातवंडांची नातवंडांशी गाठ पडते. त्याच्यात एखादा सुप्त दोष असेल तर तो तेव्हा उघडा पडतो, पहिल्या पिढीत नाही. कागदावर ही गोष्ट स्पष्ट दिसते, पण बाजारात तिचेच नाव 'लाइन ब्रीडिंग' असे पडते आणि ती गुण म्हणून विकली जाते. आणि ज्या गोष्टी कळायला हव्यात त्यांच्यासाठी कागदावर जागाच नसते. पणजोबा कशाने मेला? आजीच्या वेतातली किती पिल्ले जगली? मावशीला फिट येत होत्या का? चौदा नावांचा हा कागद जन्माची नोंद ठेवतो, मरणाची ठेवत नाही.

इथे आपल्या भाषेचा एक प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. इंग्रजीत माणसाच्या आणि कुत्र्याच्या बाबतीत वेगळे शब्द आहेत. मराठीत 'जात' हा एकच शब्द आहे. 'जातिवंत', 'अस्सल', 'शुद्ध रक्ताचे' ही विशेषणे आपण कुत्र्याला लावतो तेव्हा ती कुठून उचललेली असतात, हे सांगायला नको. तसेच 'गावठी'. इथल्या उन्हात, इथल्या उकिरड्यावर शतकानुशतके टिकलेल्या कुत्र्याला आपण जो शब्द वापरतो तोच शब्द शिवीसारखाही वापरतो. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री कोणत्या जातीची, असे कुणी विचारत नाही, पण सोसायटीच्या उद्वाहनात कुत्रे घेऊन शिरलेल्या माणसाला पहिला प्रश्न तोच येतो. कागदाला जी किंमत आली आहे ती आरोग्यामुळे आलेली नाही. कुळ सांगता येणे, ही आपली जुनी हौस तिथे पैसे मोजते.

कागदाचा इतिहासही फार जुना नाही. इंग्लंडमधले पहिले मोठे श्वानप्रदर्शन न्यूकॅसल इथे १८५९ साली भरले. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि त्याची पहिली नोंदवही लगेच पुढच्या वर्षी निघाली. १८९१ पासून भरणारे जगप्रसिद्ध 'क्रफ्ट्स' हे प्रदर्शन ज्या चार्ल्स क्रफ्टच्या नावाने चालते तो स्प्रॅट या कुत्र्यांच्या बिस्किटांच्या कंपनीत नोकरीला होता. तेव्हा हौस एका बाजूला आणि धंदा दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी आरंभापासूनच नव्हती. क्लब चालवणारे जमीनदार आणि सद्गृहस्थ होते. त्यांना कुत्र्यातून पैसे काढण्याची गरज नव्हती, एवढाच फरक. 'पैशासाठी पैदास करतो तो वाईट' ही आजची कसोटी त्याच सद्गृहस्थांची आहे आणि आपण ती न तपासता घेतली आहे.

ती तपासण्यासारखी का आहे, हे बीबीसीने १९ ऑगस्ट २००८ रोजी दाखवलेल्या जेमिमा हॅरिसन यांच्या माहितीपटाने दिसले. प्रदर्शनांत बक्षिसे मिळवणाऱ्या जातींचे आनुवंशिक आजार त्यात होते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची कवटी मेंदूला अपुरी पडते आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत पोकळ्या होऊन असह्य वेदना होतात, हे लोकांनी घरात बसून पाहिले. ही कुत्री अंधाऱ्या शेडमधली नव्हती. ती हौशी, सुखवस्तू, आपल्या कुत्र्यावर जीव टाकणाऱ्या लोकांची होती. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले. केनेल क्लबने २००९ साली आई-मुलगा, बाप-लेक आणि सख्ख्या भावंडांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली. म्हणजे तोवर ती होत होती! सर पॅट्रिक बेटसन यांचा स्वतंत्र चौकशी अहवाल जानेवारी २०१० मध्ये आला. नॉर्वेत ओस्लोच्या न्यायालयाने २०२२ साली कॅव्हेलियरची पैदासच बेकायदा ठरवली. या जातीपुरता तो निर्णय पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण डाल्मेशियनचे आहे. म्हणून त्यावर थोडे थांबतो.

काळ्या ठिपक्यांचे हे पांढरे कुत्रे सर्वांना चित्रपटांमुळे माहीत असते. बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक आम्लाचे रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात होऊन ते लघवीवाटे जाते. डाल्मेशियनमध्ये हे नीट होत नाही. लघवीत युरिक आम्ल साठते, खडे होतात, आणि नराची मूत्रनलिका अरुंद असल्याने खडा अडकला की जिवावर बेतते. बरे, हा दोष जातीतल्या काही कुत्र्यांत असता तर निरोगी निवडून त्यांची पैदास करता आली असती. पण जातीतल्या सगळ्याच कुत्र्यांत दोषी जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या. कितीही काळजीपूर्वक निवडा, शुद्ध डाल्मेशियनमधून निरोगी डाल्मेशियन निघणे शक्यच नव्हते. अमेरिकेतले आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ साली एक पॉइंटर आणि एक डाल्मेशियन यांचा एकदाच संकर केला. त्यातून झालेल्या पिल्लांतली चांगला जनुक असलेली पिल्ले निवडून त्यांचा पुन्हा डाल्मेशियनशीच संकर केला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत तेच केले. चार-पाच पिढ्यांत कुत्रे दिसायला, वागायला डाल्मेशियनच होते, फक्त त्याला खडे होत नव्हते. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंदणी केली. जातीच्या क्लबातल्या सभासदांनी गदारोळ केला आणि दार पुन्हा बंद झाले. ते इंग्लंडमध्ये उघडायला २०१० उजाडले आणि अमेरिकेत २०११. म्हणजे उपाय हातात असूनही तीस वर्षे कुत्र्यांना खडे होत राहिले, कारण एक पूर्वज कागदात बसत नव्हता. तीन पिढ्यांच्या कागदावर तर तो पॉइंटर दिसलाही नसता.

या तीस वर्षांत विरोध करणारे लोक पिल्लांचा कारखाना चालवणारे नव्हते. कारखानदाराला डाल्मेशियनच्या शुद्धतेचे काय पडले होते? विरोध केला तो हौशी, ना-नफा, नियमाने वागणाऱ्या, घरात कुत्री पाळणाऱ्या लोकांनी. आपल्याकडच्या याद्यांमध्ये 'जबाबदार'च्या रकान्यात जे जे लिहिलेले असते ते सगळे त्यांच्याकडे होते. म्हणून मला वाटते की 'हौशी विरुद्ध धंदेवाईक' हा भेद आपल्याला फार लांब नेत नाही.

तो दुसऱ्या बाजूनेही तुटतो, आणि त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. सांगली, सोलापूर जिल्ह्यांचा दक्षिण भाग आणि त्याला लागून कर्नाटकातला मुधोळ तालुका हा कारवानी कुत्र्यांचा मुलूख. लांब तोंडाचे, खोल छातीचे, बारीक कमरेचे, वाऱ्यासारखे पळणारे हे कुत्रे मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी नावारूपाला आणले आणि त्याची जोडी राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगितले जाते. आज हेच कुत्रे एका राष्ट्रीय संस्थेच्या दप्तरात 'कॅरवान हाउंड' आहे आणि दुसऱ्या संस्थेच्या दप्तरात 'मुधोळ हाउंड'. बेल्जियममधल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत ते नाहीच. २००५ साली डाक खात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली, त्यांत ते होते. थिओडोर भास्करन यांच्या २०१७ सालच्या भारतीय कुत्र्यांवरील पुस्तकात त्याची दखल आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले. आणि तिम्मापूरच्या सरकारी श्वानसंशोधन केंद्राबाहेर, गावोगाव, लहान शेतकरी आणि मेंढपाळ दोन-चार माद्या पाळून पिल्ले विकतात. पैशासाठीच विकतात. कोरडवाहू जमिनीत एका वेताचे पैसे हा हंगामाचा आधार असतो.

जत तालुक्यातल्या अशा एका माणसाच्या घरी मी तीन-चार वेळा गेलो. नाव देत नाही. त्याच्याकडे कुठल्याही क्लबचा कागद नव्हता. होती ती मुलाच्या शाळेची उरलेली दोनशेपानी वही. तिच्यात माद्यांची नावे, कधी माजावर आली, कुणाच्या नराला नेली, किती पिल्ले झाली, किती मेली, कुठली कुणाला दिली, हे वेडेवाकडे पण तारीखवार लिहिलेले. काही पिल्लांपुढे नंतर वेगळ्या शाईने भर घातलेली : 'पळत नाही', 'वासरू धरले', 'बार्शीला मेला, कावीळ'. एका मादीच्या नावावर आडवी रेघ होती. विचारले, तर म्हणाला, "तिच्या दोन पिल्लांस्नी झटकं यायचं. दुसऱ्या येतात बी एकाला आलं. मग न्हाई लावली पुन्हा." आणि कागदाचे विचारल्यावर हसला. "कागुद कोण मागतंय हितं, पाव्हणं? पळतंय का न्हाई, त्येवढं बघत्यात."

त्याचे सगळेच बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. पिल्ले तो चाळीस-पंचेचाळीस दिवसांतच देत असे. सशाच्या शिकारीला वन्यजीव कायद्याने बंदी असताना 'पळते का' ही परीक्षा नेमकी कुठे घेतली जाते, हा प्रश्नही मी विचारला नाही आणि त्याने सांगितला नाही. शिकार हे या कुत्र्याचे काम होते. ते गेल्यावर दिसण्यावरून निवड सुरू होते आणि मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक तेच मागते : अजून बारीक कंबर, अजून लांब तोंड. म्हणजे कारवानीही पगच्याच रस्त्याला लागू शकते. तरीही त्या वहीत चौदा चौकटींच्या कागदात नसलेल्या दोन गोष्टी होत्या. तिच्यात मरण नोंदलेले होते आणि नकार नोंदलेला होता. एका मादीची पुढची सारी कमाई त्याने सोडून दिली होती. याउलट एका शहरातल्या नोंदणीकृत, भिंतभर ढाली लावलेल्या केनेलमध्ये मला वातानुकूलित खोलीत बसवून पिल्ले आणून दाखवली गेली. आई बघायची म्हटल्यावर ती 'सध्या फार्मवर' होती. पुढच्या खेपेलाही ती फार्मवरच होती.

या दोघांतला कोण जबाबदार, हे यादी पाहून ठरवले तर उत्तर चुकते. नफा दोघेही मिळवतात. फरक हा आहे की पैदाशीत काही बिघडले तर त्याचा भुर्दंड कुणावर पडतो. धंदेवाईक, या शब्दाच्या वाईट अर्थाने, तो असतो जो बिघाडाचा सगळा खर्च मादीवर, पिल्लावर आणि घेणाऱ्यावर ढकलून मोकळा होतो. जो तो खर्च थोडाफार स्वतः सोसतो, म्हणजे वेत सोडून देतो, तपासणीचे पैसे घालतो, पिल्लू जमले नाही तर परत घेतो, त्याच्या नावावर कागद असो वा नसो, त्याला मी दुसऱ्या बाजूला ठेवतो. म्हणून विचारायचे प्रश्नही बदलतात. 'कागद आहे का' याऐवजी 'कोणती मादी तुम्ही थांबवली आणि का' हे विचारावे. ज्याने दहा वर्षे पैदास केली आणि ज्याला या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्याकडे एकही दोषी पिल्लू जन्मले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता कायदा. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या २६१ व्या अहवालात प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियमनाची शिफारस केली आणि मे २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांची पैदास व विक्री याबाबतचे नियम काढले. मजकूर म्हणून ते मला बरे वाटतात, आणि सरकारी मसुद्याबद्दल असे मी सहसा म्हणत नाही. पैदासकाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायचे नाही, अठरा महिन्यांखालची मादी लावायची नाही, बारा महिन्यांत एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. म्हणजे जाहिरातीत आणि वंशावळीत जी गैरहजर होती ती आई इथे प्रथमच आकड्यांसह हजर होते. इंग्लंडने यापुढे एक पाऊल टाकले. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सुटका झालेल्या लूसी नावाच्या कॅव्हेलियर मादीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे ६ एप्रिल २०२० पासून लागू आहे. सहा महिन्यांखालचे पिल्लू मध्यस्थामार्फत विकता येत नाही. ते जन्मले त्या जागी, आईसोबत दाखवावे लागते. त्यावरही भाड्याची आई उभी करण्याची युक्ती लोकांनी काढली आहेच. पण निदान खोटी का होईना, आई दाखवावी लागते.

आपल्या नियमांचे दुखणे मजकुरात नाही, मुळाशी आहे. ज्या १९६० च्या कायद्याखाली ते काढले त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. एका पिल्लाची किंमत हजारांत असते. पन्नास रुपयांत तर आता कुत्र्याच्या गळ्यातला बरा पट्टाही येत नाही. शिवाय नोंदणीकृत पैदासकाराने मंडळाला वार्षिक अहवाल द्यायचा असतो, तो घेणाऱ्याला कुठे वाचायला मिळतो? हे अहवाल तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फलकावर लावायला खर्च काहीच नाही. पण सक्ती नुसती नोंदणीची झाली तर तिचे ओझे आधी जतच्या माणसावर पडेल. ढाली असलेल्याकडे अर्ज भरून देणारा सनदी लेखापाल असतो. लहान पैदास करणाऱ्याची वही हीच नोंद म्हणून धरणारी एखादी सोपी रीत मंडळांनी काढायला हवी, तिम्मापूरसारख्या केंद्रांनी त्यात मदत करायला हवी. कारवानीसारख्या थोड्या संख्येच्या जातीत तर कोणता नर किती वेळा वापरला गेला, हे अशा वह्या एकत्र केल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो करणारे लोक माझे मित्र आहेत. रस्त्यावर इतकी कुत्री बेघर असताना जबाबदार पैदास असे काही असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. शहरातल्या, सोबतीसाठी कुत्रे हवे असलेल्या माणसाच्या बाबतीत मला ते बहुतांशी पटते. त्याने रस्त्यावरचे पिल्लू आणावे. इथल्या हवेला ते तयार आहे आणि त्याच्या वंशावळीत कुणी मुद्दाम दोष घातलेला नाही. पण मेंढरांमागे चालणारे कुत्रे, रानात राखण करणारे कुत्रे किंवा सैन्यात, पोलिसांत घेतले जाणारे कुत्रे यांची पैदास कुणीतरी करणारच आहे. ती थांबली नाही आणि थांबणारही नाही. तेव्हा ती कुणी, कशी आणि कोणत्या नोंदीनिशी करावी, हा प्रश्न 'करूच नये' म्हणून सुटत नाही. तो तसाच सोडला की त्याचे उत्तर खांबावरचा कागद देतो.